युरोपातला उन्हाळी संगीत महोत्सव निवडताना या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारीत पोस्टरं बाहेर पडायला लागली की मला दोन-चार फोन येतातच. "यंदा युरोपात एखादा फेस्टिव्हल करावा म्हणतोय. कुठला करू?" मी विचारते, "रात्री झोपणार कुठे?" समोरचा गप्प होतो. हिला गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही, असं त्याला वाटत असावं. पण चार दिवस गाणं ऐकायचं म्हणजे चार रात्री कुठेतरी पाठही टेकायची असते, आणि बहुतेकांची निवड फसते ती तिथेच.

उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा समजणं

आपली सुट्टी एप्रिल-मेची. तिकडचा हंगाम भरात येतो तो जूनअखेर ते ऑगस्ट, म्हणजे इथे मुलांची शाळा सुरू झालेली आणि छत्र्या बाहेर निघालेल्या असतात. सुट्टीचं गणित आधी जमवा, पोस्टर नंतर बघा.

दुसरी फसगत थंडीची. मी आणि माझी मावसबहीण पहिल्यांदा डेन्मार्कला रोस्किल्डच्या महोत्सवाला गेलो तेव्हा बॅगेत सुती कुर्ते आणि दोघींत मिळून एक शाल होती. 'समर' ना! रात्री दहाला लख्ख संधिप्रकाश, त्यामुळे तंबू ठोकायची घाई केली नाही. खुंट्या मारायला हातोडी नव्हती, म्हणून बुटाच्या टाचेने मारल्या. मध्यरात्रीनंतर पारा दहा अंशांवर आला. पहाटे चारलाच उजाडलं तेव्हा आम्ही एका शालीत दोघी, पायांत मोज्यांवर मोजे, आणि तंबूच्या आतून आमच्याच श्वासाचं पाणी थेंबाथेंबाने नाकावर पडतंय. सातला ऊन आलं आणि त्याच तंबूची भट्टी झाली. त्या दिवशी दुपारी ज्या बँडसाठी आम्ही गेलो होतो, तो वाजत असताना बहीण गवतावर गाढ झोपली होती.

स्लीपिंग बॅग, खाली घालायची जाड मॅट आणि एक लोकरी टोपी, एवढं जवळ नसेल तर कॅम्पिंगचा महोत्सव निवडूच नका. तंबू इथून वाहून नेऊ नका, तिथे भाड्याने मिळतो. ठोकताना उंचवट्याची जागा धरा. सखल जागा रिकामी दिसली तर ती का रिकामी आहे याचा विचार करा.

पोस्टरवरच्या पहिल्या नावावर भाळणं

आपल्याला सवाई गंधर्वची सवय. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये पुण्यात सुरू केलेला तो महोत्सव आजही एकाच स्वरमंचावर चालतो. एक कलाकार उठतो, दुसरा बसतो. तुम्ही जागा धरून बसलात की काहीच हुकत नाही, हुकला तर बटाटेवडा. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात हा हिशेब चालत नाही. सॉमरसेटमधल्या पिल्टन गावाजवळच्या गोठ्याच्या शेतावर, 900 एकरांहून मोठ्या जागेत, डझनावारी स्टेज एकाच वेळी चालू असतात आणि दोन लाखांच्या आसपास माणसं असतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला गर्दीत पाऊण तास सहज जातो. तुमचे आवडते तिघे एकाच वेळी तीन टोकांना गात असले तर दोघांवर पाणी सोडावं लागतं.

म्हणून पोस्टर खालून वर वाचा. तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या बारीक अक्षरांतली पाच-सहा नावं ऐकायची इच्छा असेल तर तो महोत्सव तुमचा. फक्त वरचं एकच नाव हवं असेल, तर त्या बँडचा त्याच उन्हाळ्यात एखाद्या शहरात स्वतंत्र कार्यक्रम आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा असतो. तो कमी पैशांत होतो आणि रात्री हॉटेलात गरम पाण्याने अंघोळ मिळते.

रोस्किल्डच्या बाबतीत एक बारकावा आहे. महोत्सव आठ दिवसांचा, पण पहिले दिवस मुख्यतः कॅम्पातले आणि नवख्या कलाकारांचे. मोठे कार्यक्रम शेवटच्या चार दिवसांत. कोपनहेगनहून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. एका दिवसाचं तिकीट काढून मुक्काम शहरात ठेवता येतो. हे आम्हाला परतीच्या गाडीत कळलं.

तिकीट आधी, व्हिसा नंतर

या चुकीत सगळ्यात जास्त पैसे बुडतात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, वेगळा. ग्लास्टनबरी आणि बेल्जियमचा टुमॉरोलँड एकाच फेरीत करायचे तर दोन व्हिसा, दोन फिया आणि दोनदा पासपोर्ट जमा. त्या काळात तो एका कचेरीत अडकलेला असतो, दुसरीकडे देता येत नाही.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले असले तरी ते 45 दिवसांपर्यंत लांबू शकतं. मे-जूनमध्ये तर अपॉइंटमेंट मिळतानाच दमछाक होते. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हेही मुक्कामावरच ठरतं: ज्या देशात जास्त रात्री काढणार, त्याच्याकडे. पॅरिस फिरायला आठ दिवस आणि डेन्मार्कला तीन, तर अर्ज फ्रान्सकडे. माझ्या ओळखीच्या एकाने महोत्सवाचं तिकीट डेन्मार्कचं म्हणून अर्जही तिथेच केला आणि तो अर्ज परत आला.

तिकिटांचंही तसंच. ग्लास्टनबरीला आधी फोटोसह नोंदणी लागते. तिकिटं साधारण आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघतात आणि तासाभराच्या आत संपतात. तिकिटावर तुमचा फोटो असतो, त्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही. कुणी ओळखीतून देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या. वसंत ऋतूत परत आलेली तिकिटं अधिकृत ठिकाणीच पुन्हा विकतात, तेवढी वाट बघा. आणि तारीख धरण्याआधी त्या वर्षी महोत्सव आहे ना, ते बघा! आपल्याकडे शेत पड टाकतात तसं तेही दर काही वर्षांनी शेताला विश्रांती देतात. 2018 ला दिली, 2026 साठीही तेच ठरलं.

पावसाला आपण काय भीतो, असं म्हणणं

मुंबईकर हे हमखास म्हणतो. पण मुंबईच्या पावसात डांबरी रस्ता असतो, घरी कोरडा पलंग असतो. जर्मनीतल्या वाकनच्या हेवी मेटल महोत्सवाला 2023 मध्ये इतका चिखल झाला की आयोजकांना प्रवेशच थांबवावा लागला. हातात तिकीट असलेले हजारो मेटलवेडे वाटेतूनच माघारी गेले. 1969 मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवायला बसले तेव्हाही पाऊस लागलेलाच होता. म्हणजे ही तक्रार जुनी आहे. गमबूट घ्या. मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिला हात लावू नका. छत्री नको, मागच्यांना स्टेज दिसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती आत सोडतही नाहीत.

ज्यांना तंबू नकोच

त्यांनी कमीपणा मानायचं कारण नाही. स्वित्झर्लंडच्या माँत्रोला 1967 पासून जुलैत तळ्याकाठी महोत्सव होतो. सभागृहातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं तिकीट वेगळं, काठावर बरंच काही फुकट. स्वस्त खोली तळ्याकाठच्या पुढच्या एखाद्या गावात शोधा, रेल्वे आहेच. बुडापेस्टचा सिगेट ऑगस्टमध्ये, डॅन्यूबमधल्या बेटावर. शहरातल्या हॉस्टेलातून रोज जाता-येता येतं. आणि आई-बाबा बरोबर असतील तर मी डोळे झाकून लंडनचे प्रॉम्स, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम, सांगते. 1895 पासून चालत आलेले, आता रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, जुलै ते सप्टेंबर सुमारे आठ आठवडे. रोज संध्याकाळी वेगळा कार्यक्रम, त्यामुळे एक चुकला तर उद्याचा आहे. त्याच दिवशी विकली जाणारी उभ्याची तिकिटं आठ-दहा पौंडांच्या आसपास मिळतात. आई-बाबांना मात्र खुर्चीचं काढा.

तिकीट काढून बसलाच असाल तर

वेळापत्रक आलं की कागदावर दिवसाला तीनच नावं लिहा. मधले तास मोकळे सोडा, खाण्याच्या रांगा त्यातच बसतात. कानात घालायचे बोळे, म्हणजे इअरप्लग, घ्या. आमच्या बहिणीच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी तिसऱ्या दिवशी सोन्यासारखी वाटते. गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. 'स्टेजच्या उजवीकडे' असं नको, कारण तिथे आणखी वीस हजार लोक उभे असतात. आम्ही तिसऱ्या दिवसापासून लिंबू सरबताच्या पिवळ्या गाडीच्या मागच्या चाकाशी भेटायचो.