भंगारात मिळालेली लाकडी दांड्याची गोल्फ स्टिक नीट कशी करायची

पाचगणी महाबळेश्वरचा एखादा जुना बंगला विकला गेला की माळ्यावरचं सामान खाली साताऱ्यात भंगारात येतं आणि त्यात कधीतरी छत्र्या-काठ्यांच्या जुडीत लाकडी दांड्याची गोल्फ स्टिक निघते. भंगारवाला लोखंडाचं वजन धरून देतो, लाकूड फुकट, पण खरा जीव त्या लाकडातच असतो.

घरी आणल्यावर आधी फ्रिजवरचं मॅग्नेट काढून दांड्याला लावा. चिकटलं तर दांडा स्टीलचा. अमेरिकेत आधी आणि मग १९२९ ला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए ने, म्हणजे गोल्फचे नियम ठरवणाऱ्या क्लबने, स्टीलच्या दांड्याला परवानगी दिली, पण लोकांच्या डोळ्याला लाकडाची सवय होती म्हणून स्टीलवर लाकडासारखा तपकिरी लेप द्यायचे, लांबून फसायला होतंच. नाही चिकटलं तर बहुतेक हिकरी. हे अमेरिकेतलं झाड, अक्रोडाच्या कुळातलं, आपण कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा घालतो तसा तिकडे हिकरीचा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये अ‍ॅश, हेझल ही तिकडची लाकडं मागे पडून हेच आलं कारण ते वाकतं, परत सरळ होतं आणि सहजासहजी मोडत नाही. अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सने १९३० मध्ये एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा हिकरीनेच जिंकल्या, स्टीलला परवानगी मिळालेली असताना.

आता डोक्याची, म्हणजे बॉलला लागणाऱ्या खालच्या टोकाची, मागची बाजू बघा. तेव्हा स्टिकला नंबर नसायचे, नावं असायची, मॅशी म्हणजे साधारण आजची पाच नंबर, निब्लिक म्हणजे नऊच्या आसपास. शेजारी कारागिराचा छाप असतो, टॉम स्टुअर्टचा तंबाखूचा पाइप, स्कॉटलंडमधल्या लेव्हन गावच्या निकोलचा हाताचा पंजा. हा छाप जपा हो! माझी पहिली मॅशी मी एका वर्कशॉपमध्ये बफिंगला दिली, चकाचक होऊन आली आणि पाइप जवळजवळ पुसला गेलेला, अजून हातात घेतली की वाईट वाटतं. गंज काढायला रॉकेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, हलक्या हाताने, काळपट रंग राहिला तर राहू द्या.

डोकं हलवून बघा. थोडंच टकटक करत असेल तर स्टिक डोकं खाली करून उभी धरा आणि दांडा जिथे आत शिरतो तिथे जवसाचं तेल थेंब थेंब सोडा, चार-पाच दिवस रोज, लाकूड बऱ्याचदा धरतं. जास्त सैल असेल तर डोकं आणि दांडा अडकवणारी आडवी पिन ठोकून काढायची, दांडा बाहेर ओढून आतली घाण खरवडायची, अरल्डाइट लावून परत बसवायचा आणि पिन घालायची. लाकडाचं डोकं असेल तर जोडावरचा गुंडाळलेला दोरा सुटलेला असतो, मेण चोळलेला मोचीचा दोरा घट्ट गुंडाळा.

दांड्याला सँडपेपर घासत बसू नका, दांडा बारीक झाला की त्याची लवचिकता बदलते आणि स्टिकचा स्वभावच जातो. वाकला असेल तर किटलीच्या वाफेवर गरम करून गुडघ्यावर उलट बाजूला जरा जास्तच दाबा आणि गार होईपर्यंत सोडू नका. मग दुकानात बॉइल्ड लिन्सीड ऑइल म्हणून मिळतं ते जवसाचं तेल फडक्याने पातळ लावा, दोन दिवस सुकू द्या, परत लावा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, मोकळी पसरून वाळवा. वरून चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात द्यायचा असेल तर मिरजेत तंबोरे सतारी करणाऱ्यांचा हात एकदा बघून या, कापसाच्या बोळ्याने इतका पातळ थर देतात की लाकूड खालून दिसत राहतं, आपल्याला अगदी तेवढंच हवंय.

मुठीचं कातडं तुटलं नसेल तर काढूच नका. माझं सुटलंच होतं, उलगडलं तर खाली लोकरी कापडाची पट्टी, वरून डांबरट चिकट दोरा, आणि कातड्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा खळगा. खालची पट्टी तीच ठेवून मोचीकडून वर नवीन कातडं तिरकं गुंडाळून घेतलं.

खेळायची असेल तर मऊ बॉल घ्या, कडक बॉलने जुना दांडा तडकू शकतो. आणि ठेवताना भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात एका मोसमात वाकते, दोन खुंट्यांवर आडवी ठेवा.