कारमेन सँडिएगोच्या मागावर: जुना खेळ नीट खेळायचा तर

ब्रॉडरबंड कंपनीने 1985 साली आणलेला ‘व्हेअर इन द वर्ल्ड इज कारमेन सँडिएगो?’ आजच्या लॅपटॉपवर सुरू करणं दहा मिनिटांचं काम आहे. यात आपण डिटेक्टिव्ह असतो आणि साक्षीदारांनी दिलेल्या चलन, झेंडे अशा खुणांवरून शहरामागून शहर चोराचा माग काढतो. खरी तयारी कॉम्प्युटरबाहेरची. त्या काळी खेळाच्या खोक्यात फ्लॉपीसोबत ‘वर्ल्ड आल्मनॅक’ हे जगभरच्या माहितीचं जाडजूड पुस्तक यायचं. अर्धा खेळ त्या पुस्तकात होता.

म्हणून आधी नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात 1991 पूर्वीचा ॲटलास शोधा. पुठ्ठा फाटका असला तरी चालेल. युरोपचं पान उघडून बघा: दोन जर्मनी आणि अखंड सोव्हिएत संघ दिसला की उचला. नवा ॲटलास का नको? कारण खेळातलं जग 1985 वर थांबलेलं आहे. रोमचं चलन लिरा, अथेन्सचं द्राख्मा, बीजिंगचं नाव पेकिंग. रवांडाचा झेंडाही 2001 साली पार बदलला. आधी तो लाल-पिवळा-हिरवा होता आणि मधे मोठं ‘आर’ होतं. मुलं मोबाइलवर ‘फ्रँक’ शोधतील तर पहिलं उत्तर स्वित्झर्लंड येईल, आणि ते खेळात नाहीच. फ्रँक तेव्हा पॅरिसमध्ये होता, तसाच किगाली, बामाको आणि मोरोनीतही. अशा वेळी विमानतळाची यादी बघायची. एका शहरातून मोजक्याच ठिकाणी जाता येतं, त्यामुळे चारातला एकच फ्रँकवाला बहुधा उरतो.

आता चालवायचं कसं. नुसती चव घ्यायची असेल तर इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच खेळता येतो. पण टॅब बंद केली की डिटेक्टिव्हची बढती गेली असंच धरा. मूळ फ्लॉपी जवळ असेल तर डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्रॅम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) बरा. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचता येते, सव्वापाच इंची नाही. खेळाच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये टाका. मग डॉसबॉक्समध्ये रोमन लिपीत ‘माउंट’, जागा, ‘सी’, जागा, आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता टाइप करा. फोल्डरच्या नावात जागा असेल तर पत्ता अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर इथेच अडतं. सी ड्राइव्हवर जाऊन खेळाची ‘ईएक्सई’ फाइल चालवा. माउंट केल्यानंतर टाकलेली फाइल दिसत नसेल तर कंट्रोल-एफ4 दाबा. आपोआप बूट होणाऱ्या फ्लॉपीची इमेज (म्हणजे तिची हुबेहूब नक्कल असलेली फाइल) असेल तर माउंटऐवजी ‘बूट’ लागतं.

रंग विचित्र आले तर सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मशीन’पुढे सीजीए (त्या काळचं मोजक्या रंगांचं ग्राफिक्स) लिहा. वेगाचं गणित वेगळं आहे. अशा जुन्या प्रोग्रॅमना डॉसबॉक्स आपणहून 3000 सायकल (हे त्याचं वेगाचं माप) देतो. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग साधारण 300 च्या आसपास बसतो. चोराची आकृती पडद्यावरून सुळकन निघून जात असेल तर कंट्रोल-एफ11 ने वेग कमी करत या. खेळातलं घड्याळ मात्र यावर अवलंबून नाही. ते तुमच्या कृतीवर सरकतं: चौकशीला काही तास, विमानप्रवासाला अंतराप्रमाणे, रात्री झोप. सोमवारी सकाळी 9 ला सुरुवात, रविवारी संध्याकाळी 5 ला मुदत संपते. तेव्हा जेवणासाठी खुशाल उठा. फक्त लाइन गेली तर हातातली केस बुडते, कारण प्रगती केस संपल्यावरच नोंदली जाते. मे महिन्यात डेस्कटॉपवर खेळत असाल तर इन्व्हर्टरचं बघून बसा.

नवख्यांची केस हातची जाते ती अटकेच्या वॉरंटवर. चोर समोर आला पण वॉरंट नसेल तर तो निसटतो. चुकीच्या नावाचं असेल तरीही. संशयित दहाच. त्यांच्या माहितीचा तक्ता पहिल्याच दिवशी वहीत करा: स्त्री की पुरुष, छंद, केसांचा रंग, वाहन, खूण. साक्षीदार झेंड्याबद्दल बोलत असला तरी वाक्यात इंग्रजी ‘ही’ (तो) म्हणतो की ‘शी’ (ती) ते टिपा. एवढ्यावर निम्मी यादी गळते. मराठी माध्यमाच्या मुलांकडून हे हमखास सुटतं, कारण लक्ष नावांवर असतं.

साक्षीदार ‘असं कोणी पाहिलं नाही’ म्हणाले तर शहर चुकलं. हट्ट न करता मागच्या शहरात परता. उलट अंगावर सुरी आली की खूश व्हा, चोर त्याच शहरात आहे. तोपर्यंत वॉरंट निघालेलं हवं.

तीस शहरांच्या यादीत भारतातलं एकच आहे, नवी दिल्ली. झीरो माइलवाल्या नागपूरकरांनी आपलं शहर शोधत बसू नये.