'हाओ' लिहिताना आणि वापरताना या चुका टाळा

चिनी शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात 'हाओ' (好) हे अक्षर भेटतं. 'नी हाओ' म्हणजे नमस्कार, त्यातलं हाओ, अर्थ चांगलं. डावीकडे बाई, उजवीकडे मूल, एकूण ६ रेघा. सोपं दिसतं म्हणून बहुतेक जण ते उरकून पुढे जातात, आणि इथे हाताला लागलेली खोड पुढच्या शेकडो अक्षरांत दिसत राहते. मी नवशिक्यांना सांगते, आठवडाभर हेच एक अक्षर घोटा.

मूल बाईपासून लांब जातं

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते. देवनागरीत शब्दातली अक्षरं शिरोरेघ धरून ठेवते, त्यामुळे जरा अंतर पडलं तरी बिघडत नाही. चिनीत प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात बसतं. दोन्ही भाग सुटे पडले की वाचणाऱ्याला 'न्यु' आणि 'त्स' अशी दोन अक्षरं दिसतात, आणि 'न्युत्स' म्हणजे स्त्री! लिहायचं होतं 'चांगलं', लिहिलं गेलं 'स्त्री'.

उपाय घरातच आहे. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या आणि दोन आडवे, दोन उभे असे चार चौकोन मिळून एक घर माना. चिनी मुलं ज्या चौकोनात अक्षरं गिरवतात, त्यालाही अशीच मधोमध एक उभी, एक आडवी रेघ असते. मधल्या उभ्या रेघेच्या डावीकडे बाई, उजवीकडे मूल, आणि दोघं त्या रेघेला अगदी खेटून.

रेघांचा क्रम

बाई ३ रेघांत: पहिली वरून तिरकी डावीकडे उतरते आणि हात न उचलता उजवीकडे खाली वळते. इथे हात उचलला की ४ रेघा होतात, आणि रेघा मोजून शब्दकोशात शोधायला गेलात की अक्षर सापडत नाही. दुसरी रेघ उजवीकडून तिरकी खाली येत पहिलीला छेदते. तिसरी आडवी, पण बाई डाव्या बाजूला असताना ती किंचित वर चढते आणि उजवीकडे बाहेर डोकावत नाही. तिने बाहेर डोकावलं की मुलाला जागा उरत नाही.

मूलही ३ रेघांत: इंग्रजी सातच्या आकड्यासारखी एक, मग खाली उतरून डावीकडे हुकासारखी वळणारी, शेवटी आडवी.

म्हणजे दोन्ही भागांत आडवी रेघ शेवटी येते, आपल्या शिरोरेघेसारखीच. लक्षात ठेवायला हे छान आहे. पण त्याच सवयीने काही जण दोन्ही भागांवरून एकच लांब रेघ ओढतात, ते मात्र चूक. बाई नीट जमली की आई, ताई, धाकटी बहीण आणि 'ती' या अक्षरांची डावी बाजूही जमली.

गोष्टीवर विसंबणं

'बाई आणि मूल म्हणजे चांगलं' ही आठवण ठेवायला उत्तम. मात्र प्रत्येक अक्षरात अशी गोष्ट शोधू नका. 'मा', म्हणजे आई, या अक्षरात बाईशेजारी घोडा आहे, तो फक्त उच्चारासाठी. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच एक भाग अर्थाचा, एक आवाजाचा धरून बनलेली आहेत.

सूर

चिनीत आवाजाच्या चढ-उतारानेही अर्थ बदलतो, त्यालाच सूर म्हणायचं. हाओचा सूर तिसरा, आवाज खाली नेणारा. 'नी'चाही तिसराच, पण असे दोन लागोपाठ आले की पहिला चढता होतो. लिहिताना मात्र बदल नाही. शिवाय हेच अक्षर चौथ्या, झपकन उतरणाऱ्या सुरात म्हटलं तर 'आवड असणं'. 'हाओ श्वे' तिसऱ्या सुरात म्हणजे शिकायला सोपं, चौथ्यात म्हणजे शिकण्याची आवड असलेला. कागदावर दोन्ही सारखंच, त्यामुळे वाक्य पुरतं वाचल्याशिवाय उच्चार ठरवू नका.

'आहे' मध्ये घुसतं

'मी बरी आहे' या वाक्याचं आपण शब्दाला शब्द लावून 'वो शर् हाओ' करतो. 'शर्' म्हणजे 'आहे', तरी इथे ते चालत नाही. 'वो हन हाओ' म्हणायचं. 'हन'चा अर्थ 'खूप' असला तरी इथे त्यावर जोर नसतो. ते गाळलं तर वाक्य अधांतरी राहतं, 'त्यापेक्षा मी बरी' असं ऐकू येतं.

एरवी मराठी इथे चांगली मदत करते. आपण 'बरं' म्हणून होकार देतो, चिनी माणूस नुसतं 'हाओ' म्हणतो. 'बरेच दिवस' म्हणायचं तर 'हाओ ची थ्यन'. 'बरा'वरून 'बरेच' व्हावं तसंच हाओचंही झालं आहे. क्रियापदामागे लागलं की काम नीट पुरं झालं: 'श्ये हाओ ल', लिहून झालं. नकार देताना सवयीने 'पू' (नेहमीचं 'नाही') जोडू नका. लिहून झालं नसेल तर 'मेइ श्ये हाओ', आणि शेवटचा 'ल' तेव्हा गळतो.