विद्यार्थ्यांची कार्यशाळा चालवताना: नियम कसे बसवावेत

शाळेतला मेकर क्लब (मुलं हत्यारं हाताळून वस्तू बनवतात ती कार्यशाळा) बंद पडतो तो बहुतेक वेळा अपघातामुळे नाही. जूनमध्ये हौसेने हत्यारं येतात. दिवाळीपर्यंत त्यातले दोन स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटरची एक वायर आणि ग्लू गन दिसेनाशी होते. मग कपाटाला कुलूप लागतं आणि चावी मुख्याध्यापकांच्या खणात जाते. म्हणून नियम करताना दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवा: मुलांची बोटं शाबूत राहावीत आणि कपाट उघडं राहावं. वीस कलमांची पाटी लावून यातलं काहीच साधत नाही. जो नियम एखाद्या वस्तूत बसवता येतो, म्हणजे खुंटीत, टोकनात किंवा बटणात, तो आपोआप पाळला जातो. उरलेले चार-पाच नियम दर वेळी समोर उभं राहून करून घ्यावे लागतात.

वेळ आणि माणसं

३५-४० मिनिटांच्या तासिकेत कार्यशाळा होत नाही. हत्यारं काढायला दहा मिनिटं, आवरायला पंधरा. उरलेल्या वेळात मुलांची घाई होते आणि घाईतच बोट कापतं. आठवड्यातून एकदा सलग दोन तास घ्या. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या, आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात तर आठवड्याचा अख्खा एक दिवस हातकामाला दिलेला असतो. तेवढं जमलं नाही तरी शनिवारी शाळा सुटल्यावरचे दोन तास काढता येतात.

एका वेळी १६ ते २० मुलं आणि दोन मोठी माणसं ठेवा. त्यातल्या एकाने काहीही शिकवायचं नाही, कोणाचं सर्किट दुरुस्त करायला बसायचं नाही, फक्त फिरायचं आणि हात बघायचे. दुसरं माणूस मिळत नसेल तर त्या दिवशी ड्रिल आणि सोल्डरिंग (कथलाने तारा जोडणं) बंद ठेवा. सुताराचं, वायरमनचं किंवा फॅब्रिकेशनचं काम करणारे पालक गावात असतातच, त्यांना आधी विचारा. हत्यार कसं धरायचं हे त्यांच्याकडून शिकावं.

आधी वीज, मग हत्यारं

खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळतीचा प्रवाह तेवढा झाला की तो वीज तोडतो. नुसती एमसीबी, म्हणजे जादा भाराला पडणारा स्विच, माणसाला शॉकपासून वाचवत नाही, ती वायर वाचवते. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. अर्थिंग आहे का हे वायरमनकडून मोजून घ्या, तीन छिद्रांचा सॉकेट दिसतो म्हणून आहे असं समजू नका. दाराशेजारी, सहावीतल्या मुलालाही हात पोचेल अशा उंचीवर एक मोठं लाल बटण हवं. ते दाबलं की टेबलांवरची सगळी वीज गेली पाहिजे, दिवे मात्र चालू राहिले पाहिजेत. हे बटण कोणीही, कधीही दाबू शकतं आणि चुकून दाबलं तरी रागवायचं नाही. एकदा रागावलात तर खरी गरज असताना मूल विचार करत थांबेल.

२५ वॉटच्या आठ सोल्डरिंग आयर्न मिळून २०० वॉट घेतात, ते चालतं. हॉट एअर गन मात्र एकटीच १५०० वॉटच्या पुढे जाते. ती भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही.

आपल्याकडे एक धोका हमखास विसरला जातो. ड्रिल चालू असताना वीज जाते, मुलं गप्पा मारायला लागतात, कोणीतरी चकमध्ये (बिट पकडणाऱ्या जबड्यात) बिट बदलायला हात घालतं आणि तेवढ्यात वीज परत येते. बटण चालूच राहिलेलं असतं. म्हणून वीज गेली की पहिलं काम ठरलेलं: ज्याच्या हातात मशीन त्याने बटण बंद करून प्लग काढायचा, आणि फिरणाऱ्या शिक्षकाने मेन स्विच पाडायचा. नव्या स्टँड ड्रिलला नो-व्होल्ट स्टार्टर लावता आला तर उत्तम. त्याने वीज आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही.

कोणी काय हाताळायचं

हत्यारांच्या मुठींवर रंगीत टेप गुंडाळा. हिरवी टेप म्हणजे पहिल्या दिवसाच्या ओळखीनंतर कोणालाही चालेल: स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, गुण्या, कानस, हॅक्सॉ. पिवळी म्हणजे करून दाखवल्यावरच: सोल्डरिंग आयर्न, ग्लू गन, ड्रिल, पटाशी. लाल म्हणजे मोठ्या माणसाच्याच हातात: अँगल ग्राइंडर, वेल्डिंग, सर्क्युलर सॉ. दहावीतला कितीही तयार मुलगा असला तरी ग्राइंडर लालच राहतो. गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून चालवण्याची सवय बाहेरच्या कामांवर बघून लागलेली असते, आणि डिस्क फुटली तर तुकडा कुठे जाईल याला नेम नसतो.

पिवळ्या हत्याराचा परवाना तोंडी परीक्षेवर देऊ नका, हातावर द्या. ड्रिलसाठी हे काम ठेवा: ३ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीवर आखणी, सेंटर पंच (भोकाच्या जागी खळगा ठोकणं), पट्टी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळणं, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग तेच ६ मिलिमीटरपर्यंत मोठं करणं. गॉगल घातलेला हवा. चकची चावी मशीन सुरू करण्याआधी काढून खुंटीवर गेली पाहिजे, कारण ती चकमध्येच राहिली तर सुरू होताच उडते. ६ मिलिमीटरच्या बिटला मऊ पोलादात मिनिटाला साधारण १००० ते १२०० फेरे पुरतात. मुलं जास्त वेगाने दाबून चालवतात, बिटचं टोक निळं पडतं, धार जाते, आणि मग अजून जोर लावतात. तेलाचे दोन थेंब आणि मधूनमधून बिट वर उचलणं एवढंच शिकवा.

पट्टी हाताने का धरायची नाही, हे एकदा नीट समजावून सांगा. भोक पाडताना सगळा वेळ ठीक जातं. बिट पलीकडून बाहेर पडतं त्या क्षणी कडेला अडकतं आणि पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरायला लागतो. त्यामुळे ‘एवढंसंच तर भोक आहे’ हे कारण चालत नाही.

फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. पालकांना हे उलटं वाटतं, पण मोज्याचा धागा बिटमध्ये गुंडाळला की मोज्यासकट बोट ओढलं जातं. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, गळ्यातलं ओळखपत्र, मनगटावरची राखी किंवा गंडा यांनाही हेच लागू. ओळखपत्रांसाठी दाराशी खुंट्या ठोका, केस बांधायला रबरबँडची डबी ठेवा. मनगटाचा धागा सोडायचा नसेल तर वाद घालू नका. त्या दिवशी ड्रिल जोडीदार चालवेल, आखणी आणि पंच हा करेल.

सोल्डरिंगची परीक्षा म्हणजे डॉट बोर्डवर दहा सांधे. तार आणि तांब्याचा ठिपका दोन्ही मिळून दोन-तीन सेकंद तापवायचे, मग सोल्डर सांध्याला लावायची, टोकाला नाही. सांधा चकचकीत आणि शंकूसारखा उतरता आला तर बरोबर. निस्तेज गोळी बसली तर तो कच्चा आहे, सर्किट आज चालेल आणि प्रदर्शनाच्या दिवशी बंद पडेल. दहापैकी आठ चांगले हवेत. आयर्नचा स्टँड टेबलाला स्क्रूने बसवा, नाहीतर वायरला हिसका बसून तो पडतो. पडणारी आयर्न झेलायची नाही, मागे सरकायचं; हे दोनदा तालीम करून घ्या, कारण झेलायला हात आपसूक जातो. नेहमीच्या ६०:४० सोल्डरमध्ये शिसं असतं. धूर असतो तो फ्लक्सचा (सोल्डरच्या तारेतल्या राळेचा), त्याने खोकला येतो आणि दमा असलेल्या मुलांना जास्त त्रास होतो, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढून घेईल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते हाताने. म्हणून त्या टेबलावर डबा उघडायचा नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे.

हॅक्सॉचं पातं लावताना दात पुढच्या बाजूला. पातळ पाइप किंवा पत्र्याला इंचाला २४ किंवा ३२ दातांचं पातं घ्या. एका वेळी किमान तीन दात धातूवर टेकले नाहीत तर दात अडकून तुटतात. मूठ नसलेली कानस कोणालाही द्यायची नाही, तिचं टोक तळहातात घुसतं.

मोजदाद

४ फूट बाय ३ फुटांच्या १२ मिलिमीटर प्लायवर हत्यारं मांडा, प्रत्येकाची कड मार्करने आखा, आतला भाग लाल रंगवा आणि खुंट्या ठोका. हत्यार उचललं की लाल आकृती दारातूनही दिसते. हा फळा क्लबचं पहिलं काम म्हणून मुलांकडूनच करून घ्या. प्रत्येकाला आपल्या नंबरची तीन पत्र्याची टोकनं द्या. हत्यार घेतलं की त्या खुंटीवर टोकन. तीन टोकनं संपली की चौथं हत्यार नाही, त्यामुळे टेबलावर ढीगही साचत नाही. हत्यारप्रमुख दर दोन आठवड्यांनी बदला आणि त्यात मुली-मुलगे दोघेही येतील हे बघा. नाहीतर मुली वही लिहीत बसतात आणि ड्रिल मुलांकडे जातं.

मोडलेल्या हत्याराचा दंड घेऊ नका. ३ मिलिमीटरची बिटं मोडतातच, पाच जास्तीची ठेवा. दंड लावला की मोडलेलं हत्यार गुपचूप खुंटीवर परत जातं आणि ढिल्या दांड्याची हातोडी पुढच्याच्या हातातून सुटते. एक लाल डबा ठेवा, मोडकं त्यात टाकायचं आणि चिठ्ठीवर काय झालं ते लिहायचं, नाव नको.

प्रकल्प आणि साहित्य

कागदावर मापांसह चित्र आणि साहित्याची यादी असल्याशिवाय साहित्य मिळणार नाही. चित्र वेडंवाकडं चालेल, मापं हवीत. प्रत्येक गटाला झाकणाचा एक क्रेट, वर नाव आणि तारीख. सत्र संपल्यावर ज्या क्रेटला कोणी हात लावला नसेल तो सुटा करून मोटारी, सर्वो (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटारी), चाकं परत कपाटात. हे सुरुवातीलाच सांगा.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल क्लबात नकोत. भरलेल्या एका सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, पण दोन टोकं नाण्याने किंवा वायरने जोडली गेली तर इतका प्रवाह वाहतो की वायर लाल होते आणि सेल पेटू शकतो. पेन्सिल सेल किंवा साधी पॉवर बँक बहुतेक प्रकल्पांना पुरते.

सरकारी योजनेतून अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळांत थ्रीडी प्रिंटर असतो. त्याला रांग लावा: एका प्रिंटला जास्तीत जास्त तीन तास, पहिला थर बसेपर्यंत मालकाने समोर थांबायचं. पीएलएला (प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक) नोझल, म्हणजे ते जिथून बाहेर येतं ते टोक, साधारण २०० अंश आणि बेड, म्हणजे खालची पाटी, ६० अंश. पहिला थर सुटला तर तीन तास प्लॅस्टिकच्या शेवयाच निघतात.

लागलं तर

भाजलं की लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. ग्लू गनचा गोंद कातडीला चिकटला तर ओढायचा नाही, तसाच पाण्याखाली धरायचा. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं. लोखंडाचा कण रुतलेला वाटला तर डोळा हलका झाकून थेट डॉक्टरांकडे. विजेच्या उपकरणाला आग लागली तर आधी लाल बटण, मग ड्राय पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं, पाणी नाही.

घंटा होण्याआधी २० मिनिटं काम थांबवा, प्रकल्प कितीही रंगलेला असो. फळा भरला, टोकनं परत आली, खालचा भुसा आणि लोखंडाचा कीस झाडला की मगच दप्तरं घ्यायची. जाताना हत्यारप्रमुख एका वहीत दोन ओळी लिहितो: आज काय मोडलं आणि कुठे थोडक्यात वाचलं. दर महिन्याला ती वही सगळ्यांसमोर वाचा. एकच गोष्ट तीनदा आली असेल तर मुलांना दोष न देता टेबल हलवा, खुंटी बदला किंवा नवा नियम करा. आणि जूनमध्ये शाळा उघडली की सगळे पिवळे परवाने रद्द. नववीतल्यांनीही पट्टीत भोक पाडून आणि दहा सांधे करून ते पुन्हा मिळवायचे.