मुलाखतीत विशेषणं सांगू नका, प्रसंग सांगा: या चुका टाळा

खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं तर लेखी परीक्षेला ९०० गुण असतात आणि एसएसबीलाही, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला आणि गटचाचण्यांना, ९००च. चार अनोळखी मुलांबरोबर तुम्ही कसे वागता, हेही तिथे बघितलं जातं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम २०२५ गुणांपैकी २७५ व्यक्तिमत्त्व चाचणीचे. एमबीएचे प्रवेश आणि हिंजवडी-खराडीतल्या नोकऱ्याही आता नुसत्या मार्कांवर मिळत नाहीत. मी पुण्यात मुलांच्या सराव मुलाखती घेते. अभ्यासात कच्ची मुलं मला क्वचित भेटतात. अडतं ते दुसरीकडेच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे विशेषणांची यादी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली होती. रेझ्युमेवर लिहिलेलं: लीडरशिप, टीम प्लेअर, हार्डवर्किंग. टीमवर्कचं उदाहरण विचारलं तर तिने व्याख्या म्हणून दाखवली. मग फाइल सॅकमध्ये भरता भरता म्हणाली, "मॅडम, पुरुषोत्तमला दोन वर्षं बॅकस्टेज केलंय, पण ते काही सांगण्यासारखं नाही ना?"

पुरुषोत्तम म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. मी तिला परत बसवलं. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, तिच्याकडे होती. भरत नाट्य मंदिरात पोचल्यावर कळलं की कंदील कॉलेजवरच राहिलाय. वहीत त्याच्यापुढे टिक होती, पण ती तिने पेटीत न बघताच केली होती. "चूक माझी आहे," असं तिने दिग्दर्शकाला स्वतःहून सांगितलं आणि धावत तुळशीबागेतून नवा कंदील आणला. पुढच्या प्रयोगापासून प्रत्येक वस्तूपुढे दोघांच्या टिका, एक तिची आणि एक दुसऱ्या कुणाची तरी. जबाबदारी, प्रामाणिकपणा, सुधारणा, सगळं यात आलं, आणि यातला एकही शब्द तिला उच्चारावा लागला नाही. तुमच्याकडेही असा कंदील असतो. मेसचा हिशेब असेल, गणपती मंडळाची वर्गणी असेल, आजीच्या दवाखान्याच्या फेऱ्या असतील. काय झालं, मी काय केलं, पुढे काय बदललं, एवढं दीड मिनिटात सांगता आलं पाहिजे. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. "आम्ही केलं, आम्ही केलं" असंच येत असेल, तर त्यातलं तुमचं काम कोणतं ते शोधा.

"तुमचा वीकनेस काय?" याला "मी परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर कृपा करून देऊ नका. समोरच्याने ते त्याच दिवशी चार वेळा ऐकलेलं असतं. खरा दोष सांगा आणि त्यावर सध्या काय करताय तेही सांगा. मी कामं शेवटच्या दिवसावर ढकलते, म्हणून आता गाइडला दर शुक्रवारी प्रगती कळवते, असं.

गटचर्चेत आवाज चढवून मैदान मारता येत नाही. दुसऱ्याचा मुद्दा पकडून पुढे नेणारा लक्षात राहतो. गप्प बसलेल्या मुलीला "तुला काय वाटतं?" असं विचारणारा तर नक्कीच. मात्र हे मार्कांसाठी केलं तर लगेच कळतं, म्हणून सवय आधी मित्रांच्या कट्ट्यावर लावा.

प्रोजेक्ट फसला तर "बाकीचे कामच करत नव्हते" म्हणू नका. ते खरं असलं तरी पुढचा प्रश्न तुमच्यावरच येतो: मग तुम्ही काय केलंत?

न केलेली इंटर्नशिप लिहू नका. कागदपत्रं तपासली जातात आणि हातात आलेली ऑफर जाते.

इंग्रजी अडखळतं म्हणून मुलं फार घाबरतात. मला ती भीती अवाजवी वाटते. साधी, छोटी वाक्यं चालतात. पाठ केलेलं निबंधी इंग्रजी दुसऱ्याच प्रश्नाला कोसळतं.

आणि खोलीबाहेरचं वागणं. गेटवरच्या वॉचमनकाकांना नीट उत्तर द्या. वाकडच्या पुलावर अडकलात तर वेळ टळून जायच्या आधी फोन करा, आणि तो तुम्हीच करा, आईबाबांनी नाही.

आयत्या वेळी काहीच सुचलं नाही, तर "जरा विचार करून सांगू का?" असं सरळ विचारा. आजवर मी कुणालाही नाही म्हटलेलं नाही.