कोरियन फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा: एफसी सोलच्या नोंदींवरून

दक्षिण कोरियातल्या क्लबचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण स्थापनेच्या तारखेपाशीच येते. एफसी सोलचंच बघा. हे नाव 2004 सालचं. क्लबची स्थापना मात्र 22 डिसेंबर 1983 ची, आणि 2016 पर्यंतच्या सहा लीग विजेतेपदांपैकी तीन या नावाच्या आधीची: 1985 आणि 1990 ची लकी-गोल्डस्टार या नावाने, 2000 चं आन्यांग एलजी चीताज या नावाने. आजचं नाव टाकून शोध घेणाऱ्याच्या हाती निम्माच इतिहास लागतो.

याचं मूळ लीगच्या जन्मात आहे. 1983 मध्ये पाच संघांची ‘सुपर लीग’ सुरू झाली, तेव्हा व्यावसायिक संघ दोनच होते, हॅलेलुया आणि युगोंग. पोस्को, देवू आणि कुकमिन बँक हे कंपन्यांचे हौशी संघ होते. आधी कंपनी, मग संघ आणि शेवटी शहर, असा क्रम तिथे कित्येक वर्षं चालला. म्हणून इतिहासाचा धागा शहराच्या हातात न देता मालकाच्या हातात द्या. शहर धरून लिहायला लागलात तर 1995-96 च्या आसपास धागा तुटणारच.

तक्ता आधी, मजकूर नंतर

एका हंगामाला एक ओळ. रकाने इतके: साल, त्या वर्षीचं क्लबचं नाव, मालक, घरचं शहर, प्रत्यक्ष मैदान, लीगचं त्या वर्षीचं नाव, सामने, गुणपद्धत, स्थान, विजेता कसा ठरला. दहा रकाने बघून कंटाळा येईल, पण यातला एकही गाळू नका. शहर आणि मैदान हे रकाने एकत्र करण्याचा मोह हमखास होतो. युगोंगचा संघ 1996 पासून ‘बुचॉन’ झाला, पण बुचॉनचं स्टेडियम 2001 मध्ये उघडलं. तोवर संघ सोलमधल्या मोकदोंग मैदानावर खेळत होता. एकच रकाना ठेवलात तर पाच वर्षांच्या नोंदी चुकल्याच म्हणून समजा.

कोरियाचा लीग हंगाम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडावर संपतो, त्यामुळे लीगसाठी एकच साल पुरतं. आशियाई स्पर्धांना हे लागू नाही. 2001-02 ची आशियाई क्लब स्पर्धा दोन वर्षांत विभागलेली आहे. तिच्या अंतिम सामन्यात आन्यांग, म्हणजे आजचा एफसी सोल, सुवॉन या क्लबकडून पेनल्टी शूटआउटवर हरला. ही ओळ 2001 च्या लीग हंगामाखाली गेली की पुढचे सगळे संदर्भ एका वर्षाने घसरतात. आशियासाठी वेगळं पानच करा.

एफसी सोलचा नावांचा रकाना असा भरतो: 1984 ते 1990 लकी-गोल्डस्टार ह्वांगसो, 1991 ते 1995 एलजी चीताज, 1996 ते 2003 आन्यांग एलजी चीताज, 2004 पासून एफसी सोल. शहराचा रकाना याच्याशी जुळत नाही. सुरुवातीला चुंगचॉंग प्रांत, 1990 पासून सोल, 1996 पासून आन्यांग, 2004 पासून पुन्हा सोल. मालकाच्या रकान्यात आधी लकी-गोल्डस्टार म्हणजेच पुढचा एलजी समूह, आणि त्यातून जीएस समूह वेगळा झाल्यावर जीएस. नाव, शहर आणि मालक हे तिन्ही दर वेळी एकत्र बदललेले नाहीत. ‘1990 मध्ये नाव बदलून क्लब सोलला आला’ यासारखी वाक्यं दोन बदल एकत्र कोंबल्यामुळेच जन्माला येतात.

1996 आणि 2004: इथे घाई नको

1996 चं स्थलांतर हा क्लबच्या लहरीचा मामला नव्हता. तेव्हा राजधानीत तीन क्लब दाटीवाटीने राहत होते: एलजी, इल्ह्वा आणि युगोंग. फुटबॉल देशभर पसरावा म्हणून लीगने विकेंद्रीकरणाचं धोरण आणलं आणि तिघांनाही बाहेर काढलं. एलजी आन्यांगला गेला, इल्ह्वा चॉनानला, युगोंग बुचॉनला. एका क्लबचा इतिहास लिहिताना बाकी दोघांची ओळ द्यावीच लागते, नाहीतर एकट्या एलजीला हुसकावलं असं वाचकाला वाटतं.

2004 चं प्रकरण वेगळं. 2002 च्या विश्वचषकासाठी सोलमध्ये बांधलेलं भव्य स्टेडियम घरच्या संघाविना पडून होतं आणि आन्यांगचा संघ तिथे गेला. क्लबच्या नजरेतून हे घरी परतणं, तर आन्यांगच्या समर्थकांच्या नजरेतून आठ वर्षं जीव लावलेला संघ कुणीतरी उचलून नेणं. दोन्ही बाजू लिहा. एकच लिहिलीत तर मजकूर क्लबच्या माहितीपत्रकासारखा तरी होईल, नाहीतर निषेधाच्या फलकासारखा.

नोंदी उलगडण्याचा सराव करायचा असेल तर दोन अंतिम फेऱ्या शेजारी ठेवा. 2000 चं विजेतेपद आन्यांग एलजीने बुचॉन एसकेला हरवून मिळवलं. 2010 चं विजेतेपद एफसी सोलने जेजू युनायटेडला हरवून मिळवलं, पहिला सामना 2-2, दुसरा 2-1. चार नावं दिसतात, क्लब दोनच आहेत. बुचॉन एसके, म्हणजे जुना युगोंग, 2006 मध्ये जेजू बेटावर गेला. मालकाचा रकाना नीट भरलेला असेल तर हे लगेच लक्षात येतं. नुसत्या नावांच्या यादीतून कधीच येत नाही.

हा तोच क्लब का?

क्लब विकला गेला किंवा शहर सुटलं म्हणून इतिहास संपत नाही. लीगमधली जागा आणि नोंदी पुढच्याकडे सोपवल्या गेल्या का, ते पाहा. देवू रॉयल्स 2000 मध्ये ह्युंदाई डेव्हलपमेंटकडे गेला, आज तो बुसान आयपार्क आहे, आणि 1984, 1987, 1991 व 1997 ची विजेतेपदं त्याच्याच खात्यात आहेत. इल्ह्वाचा संघ चॉनानहून 2000 मध्ये सोंगनामला आला, 2014 मध्ये सोंगनाम शहराने तो ताब्यात घेतला, सातही विजेतेपदं सोबत घेऊन.

उलट उदाहरणंही आहेत. जॉनबुक बफेलो 1994 चा एक हंगाम खेळून बंद पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्थापन झालेला जॉनबुक हा नवा क्लब. प्रांत एकच म्हणून दोघांचे सामने बेरजेत घेऊ नका. ग्वांगजूतही तेच: लष्कराचा सांगमू संघ 2010 पर्यंत तिथे खेळला, मग सांगजूला आणि पुढे गिमचॉनला गेला. 2011 मध्ये लीगमध्ये आलेल्या ग्वांगजू एफसीचा त्या सामन्यांशी काही संबंध नाही. आणि पहिला विजेता हॅलेलुया 1985 नंतर व्यावसायिक लीगमधून बाहेरच पडला. ते विजेतेपद आजच्या कुणाच्या तरी नावावर चढवायची धडपड करू नका.

गुणतक्त्यातले सापळे

जुने गुण आजच्या हिशोबाने पुन्हा मांडायची हौस अनेकांना असते. मांडा, पण वेगळ्या रकान्यात. 1984 मध्ये विजयाला 3, गोल झालेल्या बरोबरीला 2 आणि गोलशून्य बरोबरीला 1 गुण होता. आजच्या पद्धतीने बेरीज केली की छापील तक्त्याशी मेळ बसत नाही आणि माणूस उगाच छपाईची चूक शोधत बसतो.

दुसरा सापळा याहून वाईट. तक्त्यात पहिला तो विजेता, हे कोरियात प्रत्येक वर्षी खरं नाही. 2004 ते 2011 या काळात विजेता प्ले-ऑफमधून ठरे. 2007 मध्ये पोहांग स्टीलर्स साखळीत पाचवा होता, तरी प्ले-ऑफमध्ये एकेकाला मागे टाकत अंतिम फेरीत सोंगनामलाही हरवून विजेता झाला. म्हणून ‘साखळीतलं स्थान’ आणि ‘अंतिम स्थान’ वेगळं लिहा.

2012 पासून विभागणी आली: ठरावीक फेऱ्यांनंतर वरचा आणि खालचा गट. त्या वर्षी 16 संघ आणि 44 सामने होते, 2013 मध्ये 14 संघ आणि 38 सामने, 2014 पासून 12 संघ आणि 38 सामने (33 अधिक 5). महामारीच्या 2020 मध्ये फक्त 27. हंगामातल्या गोलांची तुलना करताना आकडा सामन्यांच्या संख्येने भागूनच घ्या. 2012 ची आणखी एक भानगड आहे. सांगजू सांगमूला सक्तीने खालच्या श्रेणीत टाकल्यावर त्याने उरलेले 14 सामने खेळलेच नाहीत, आणि ते प्रतिस्पर्ध्यांना 2-0 असे बहाल झाले. खालच्या गटातल्या प्रत्येक क्लबच्या खात्यात त्या वर्षी न खेळलेले दोन विजय आहेत.

समान गुण झाल्यावर आधी केलेले गोल बघायचे की गोलफरक, हेही साल बघून लिहा. 2016 पासून केलेले गोल आधी बघतात. 2019 मध्ये जॉनबुक आणि उल्सान दोघेही 79 गुणांवर थांबले. जॉनबुकचे गोल 72, उल्सानचे 71. एका गोलाने विजेतेपद गेलं, तेही शेवटच्या दिवशी पोहांगकडून 1-4 असा मार खाऊन.

लीगच्या नावाबाबत थोडक्यात: ‘के लीग’ हे नाव 1998 पासून, 2013 ते 2017 ‘के लीग क्लासिक’, 2018 पासून ‘के लीग 1’. ‘1985 चा के लीग विजेता’ असं लिहिलं तर चालतं, पण तक्त्यात त्या वर्षीचंच नाव हवं. तसंच एफए कप 1996 मध्ये सुरू झाला आणि 2024 पासून कोरिया कप म्हणून ओळखला जातो. दोन्ही वर्षी तो पोहांगनेच जिंकला. या दोन नावांच्या दोन स्पर्धा समजू नका. लीग कप मात्र निराळा, आणि तो 2011 नंतर बंद झाला. जुन्या खेळाडूंच्या एकूण गोलांत त्याचे गोल मिसळलेले असतात. बेरीज जुळली नाही की आधी तिकडे बघा.

प्रेक्षकांचे आकडे

5 मे 2010 रोजी, बालदिनाच्या सुट्टीला, सोल विरुद्ध सोंगनाम सामन्याला 60,747 प्रेक्षक नोंदले गेले. पण आलेली माणसं प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत लीगने 2012 मध्ये लागू केली आणि 2018 पासून फक्त पैसे भरून आलेल्यांचीच गणती होते. त्यामुळे 2010, 2014 आणि 2019 चे आकडे एका आलेखात जोडू नका. 2012 आणि 2018 पाशी रेघ तोडा.

मागे राहिलेलं शहर

आन्यांगमध्ये 2013 मध्ये एफसी आन्यांग हा नागरी क्लब उभा राहिला. बुचॉनच्या समर्थकांनी तर 2007 मध्येच बुचॉन एफसी 1995 काढला होता. यांना एफसी सोल किंवा जेजूच्या तक्त्यात ओळ देऊ नका, कारण नोंदी तिकडे गेलेल्याच नाहीत. पण तळटीप द्याच. सुवॉनशी असलेलं वैरही असंच लिहावं लागतं. ते आन्यांगच्या दिवसांत धारदार झालं. आन्यांगचा जुना खेळाडू सो जोंग-वॉन 1999 मध्ये फ्रान्सहून परतला तो थेट सुवॉनमध्ये, आणि तेल ओतलं गेलं. 2004 नंतर हे वैर एफसी सोलच्या वाट्याला आलं. आन्यांगवाल्यांना ते आपलंच वाटतं, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असं नाही.

एफसी आन्यांगने 2024 मध्ये के लीग 2 जिंकून वरची श्रेणी गाठली आणि 22 फेब्रुवारी 2025 रोजी सोलच्या विश्वचषक स्टेडियमवर एफसी सोलशी खेळला. सोल 2-1 ने जिंकला. ही नोंद करताना ‘दोघांची पहिली लढत’ असं लिहू नका, ‘लीगमधली पहिली लढत’ लिहा. 2017 च्या एप्रिलमध्ये एफए कपात दोघे भेटले होते, तेव्हाही सोलच जिंकला होता, 2-0.