चहातून कॅफीन काढताना इमल्शन (दोन द्रवांचं न सुटणारं मिश्रण) झालं, ते असं फोडलं

१० ग्रॅम चहापूड, ५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, १०० मिली पाणी. १५ मिनिटं उकळून गाळलं. अर्क पूर्ण थंड होऊ द्या. कॅफीन ओढून घेणारं द्रावक, डायक्लोरोमिथेन, ४० अंश सेल्सियसला उकळतं. कोमट अर्कात ओतलं तर सेपरेटिंग फनेलचं (दोन थर वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं काचपात्र) बूच उडतं.

२० मिली डायक्लोरोमिथेन घालून जोरात हलवलं आणि दोन थरांच्या मध्ये तपकिरी फेसाळ पट्टा अडकला. कार्बोनेटमुळे टॅनिनचे (चहातल्या तुरट पदार्थांचे) क्षार होतात, ते पाण्यात राहतात हे बरंच. पण ते साबणासारखे वागतात, थेंब एकत्र येऊ देत नाहीत. तासभर थांबून काही उपयोग झाला नाही. १० मिली संतृप्त मिठाचं पाणी घालून फनेल हळूच गोल फिरवला, तेव्हा बराचसा पट्टा फुटला. उरलेला काचलोकरीच्या बोळ्यातून गाळला.

पुढची दोन निष्कर्षणं, २०-२० मिलीची, न हलवता नुसती फिरवून केली. स्टॉपकॉक (फनेलची तोटी) उघडून वाफ सोडत राहा, फनेलच्या नळीचं तोंड फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) आतल्या बाजूला. कॅफीन खालच्या थरात असतं, कारण हे द्रावक पाण्यापेक्षा जड; वरचा थर तरीही शेवटपर्यंत टाकू नका.

खालच्या थरातलं उरलेलं पाणी शोषायला निर्जल सोडियम सल्फेटचे खडे सुटे हलेपर्यंत त्यात घाला, गाळा, वॉटर बाथवर द्रावक उडवा. राहिलेली हिरवट पूड क्लोरोफिलमुळे तशी दिसते. संप्लवनानं (तापवून घनाची थेट वाफ करून ती पुन्हा गोठवून) कॅफीनच्या पांढऱ्या सुया मिळतात.